पाच मिलिमीटरचा माज

"स्वस्तातली सुरी घेऊन डोंगरात जाणं म्हणजे जिवाशी खेळ." हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी तीन वेळा ऐकलं. एकदा आमच्या भाच्याकडून, एकदा सोसायटीतल्या एका तरुणाकडून, आणि एकदा भाच्याने मला दाखवलेल्या व्हिडिओतल्या एका दाढीवाल्या गृहस्थाकडून. तिघांचे शब्दसुद्धा तेच. म्हणजे एकाने म्हटलं आणि दोघांनी पाठ केलं, असा प्रकार. अशी पाठ केलेली उत्तरं मी ३२ वर्षं तपासली आहेत. एका बाकावरच्या तिघींची चूकही काना-मात्रेसकट सारखीच असायची. तेव्हा म्हटलं, आज जरा लाल पेन काढावं.

विषय आहे न दुमडणाऱ्या, म्यानात ठेवायच्या, शिबिराला न्यायच्या सुरीचा. "मावशी, तुझा आणि सुरीचा काय संबंध?" असं भाचा विचारेलच, म्हणून आधीच सांगते. शाळेत मी मराठी शिकवत असले तरी गाईडचं पथक १९ वर्षं माझ्याकडे होतं. दरवर्षी तीस-पस्तीस मुली घेऊन राहुट्या ठोकायच्या, चुली मांडायच्या, दोऱ्या तोडायच्या, चाळीस माणसांचा कांदा चिरायचा. त्याशिवाय घरची विळी आहेच. ज्या बाईने पन्नास वर्षं विळीवर बसून नारळ खोवला आणि भाजी चिरली तिला धार म्हणजे काय हे व्हिडिओतून शिकावं लागत नाही.

आता हा राग कशावर, ते. माझ्या नातीच्या वर्गातल्या मुलींचा एक ट्रेक ठरला होता. नेणाऱ्या मंडळींनी सामानाची यादी पाठवली. यादीत पाण्याची बाटली, टॉर्च, शिट्टी हे सगळं रास्त होतं. मग एक ओळ: "सुरी - अखंड पोलादी पात्याची, किमान ५ मिलिमीटर जाड, नामांकित कंपनीची." पंधरा वर्षांच्या मुली! दोन दिवसांचा ट्रेक, गडाच्या पायथ्याशी गावात मुक्काम! नातीच्या बापाने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, साडेचार हजारांची सुरी मागवून टाकली. पण नातीची एक मैत्रीण आहे, तिची आई चार घरी पोळ्या लाटते. तिने यादी वाचली, आणि दोन दिवसांनी "मला बरं वाटत नाहीये, मी येत नाही" असं नातीला सांगितलं. मुलगी ठणठणीत होती हे नातीलाही माहीत होतं आणि मलाही. सुरी नाही म्हणून येत नाही, असं कोणती मुलगी तोंडाने म्हणेल?

त्या एका ओळीने एका मुलीचा ट्रेक गेला. आणि ती ओळ बिनबुडाची आहे. महाग म्हणून नव्हे. महाग वस्तू गरजेची असेल तर आम्ही वर्गणी काढून घेतली असती, शाळेत कैक वेळा काढली आहे. ती ओळ सुरी कशासाठी असते हेच न कळलेल्या माणसाने लिहिली आहे, म्हणून बिनबुडाची.

जाडीपासून सुरुवात करू. सुरीचं काम कापणं. कापायचं म्हणजे पात्याने वस्तूत शिरायचं, आणि शिरताना मागचं सगळं जाड अंग सोबत न्यायचं. पाच मिलिमीटर जाडीच्या पात्याने गाजर कापून बघा. अर्ध्यापर्यंत पातं जातं आणि मग 'कट्ट' असा आवाज होऊन गाजराचे दोन तुकडे उडतात. ते गाजर कापलेलं नसतं, फोडलेलं असतं. बटाट्याचं तेच, भोपळ्याचं तर विचारूच नका. आमच्या शाळेतले भौतिकशास्त्राचे सर सांगायचे, पट्टीची जाडी दुप्पट केली की ती वाकवायला आठपट जोर लागतो. बरोबर आहे. म्हणजे अडीच मिलिमीटरच्या पात्यापेक्षा पाच मिलिमीटरचं पातं आठपट ताठ. पण सुरी वाकवायची आहे कुणाला? पहारीचं काम पहारीने करा की. आठपट ताठपणाच्या मोबदल्यात तुम्ही टोमॅटो कापायची सोय घालवून बसलात, आणि वर दुप्पट वजन कमरेला बांधलंत.

हे माझ्या पदरचं नाही. स्वीडनमध्ये दालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. तिथे सुऱ्या करण्याची परंपरा फार जुनी, आणि आज मोरा याच नावाने ज्या सुऱ्या जगभर विकल्या जातात त्या कंपनीचं मूळ १८९१ सालापर्यंत जातं. गावातल्या दोन कारखान्यांचं मिळून २००५ मध्ये एक झालं. त्यांची सगळ्यांत साधी शिबिराची सुरी म्हणजे सुमारे दहा सेंटीमीटर पातं, जाडी अडीच मिलिमीटर, प्लास्टिक-रबराची मूठ आणि प्लास्टिकचं म्यान. दिसायला अगदी गरीब. तिकडे सुतार, रंगारी, कोळी, शेतकरी कमरेला हीच लावून फिरतात. जिथे हिवाळ्यात शून्याखाली वीस-वीस अंश जातं तिथल्या लोकांना अडीच मिलिमीटर पुरतात, आणि आमच्या सह्याद्रीत, जिथे हाक मारली तर खालच्या वाडीतून कुणीतरी ओ देतं, तिथे पाच लागतात! भाचेबुवा, हे गणित मला कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवा.

दुसरा हट्ट 'अखंड पात्या'चा. म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत, मुठीच्या पूर्ण रुंदीने गेलेलं हवं, आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या ठोकलेल्या हव्यात. नसेल तर म्हणे सुरी हातात मोडते. आता जरा आपल्या घरातलं खुरपं काढा, विळा काढा. पात्याचं शेपूट निमुळतं होत मुठीत शिरतं, तोंडाशी एक लोखंडी शेंबी, की झालं. त्या खुरप्याने बाया उन्हातान्हात दिवसदिवस निंदणी करतात. विळ्याने एकरच्या एकर ज्वारी आडवी होते. किती विळ्यांची शेपटं मोडलेली पाहिलीत? मूठ सैल होते, हे खरं. मग ती पाण्यात भिजत घालतात किंवा पाचर मारतात. मोराच्या साध्या सुरीतही शेपूटच असतं, मुठीच्या टोकापर्यंत पोचतसुद्धा नाही. फिनलंडच्या परंपरागत सुऱ्यांतही शेपूटच. आणि थंडीच्या मुलखात याचा एक फायदा असतो तो व्हिडिओवाले सांगत नाहीत: तळहाताला गार पोलाद लागत नाही.

अखंड पातं वाईट असं मी म्हणत नाही. चांगलंच असतं. पण 'चांगलं' आणि 'किमान हवंच' यांतला फरक मराठीत तरी स्पष्ट आहे.

जाड सुऱ्यांचं हे वेड नवं आहे असंही समजू नका. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. धंदा जोडे शिवण्याचा, अंगकाठी किडकिडीत, आणि नाद रानावनात भटकण्याचा. 'नेसमुक' या टोपणनावाने लिहायचा. १८८४ मध्ये त्याचं 'वुडक्राफ्ट' नावाचं पुस्तक आलं. दुकानात शिकारीच्या म्हणून मिळणाऱ्या जाड, बोजड सुऱ्यांवर त्याने त्यात तेव्हाच तोंडसुख घेतलं आहे. स्वतः तो पातळ पात्याची लहान सुरी बाळगायचा, आणि लाकडासाठी वेगळी छोटी कुऱ्हाड. त्याच्यानंतर होरेस केफार्ट. हा मूळचा ग्रंथपाल! नोकरी सोडून डोंगरात राहायला गेला आणि १९०६ मध्ये शिबिरावर पुस्तक लिहिलं. त्याचंही म्हणणं तेच. एक जोडे शिवणारा आणि एक ग्रंथपाल, दोघंही बारीक धारेच्या कामाची सवय असलेली माणसं. दोघांनाही जे १०० वर्षांपूर्वी कळलं ते आज साडेचार हजार मोजून लोक विसरायला निघाले आहेत.

आता तुम्ही विचाराल, मग पाच मिलिमीटर आले कुठून? लाकूड फोडण्यातून. व्हिडिओत काय असतं, तर सुरी ओंडक्यावर ठेवायची आणि दुसऱ्या लाकडाने तिच्या पाठीवर दणादण हाणायचं. ओंडका फुटला की सुरी उत्तम, सुरी मोडली की सुरी भिकार. ही परीक्षा! म्हणजे चमच्याने खड्डा खणायचा आणि वाकला तर चमच्याला नापास करायचं. लाकूड फोडायला माणसाने कुऱ्हाड केली, फांद्या तोडायला कोयता केला. कोकणात जाऊन बघा, कमरेच्या आकडीला कोयता अडकवून माणूस माडावर चढतो. पण त्या कोयत्याने तो कांदा चिरत नाही, आणि घरच्या सुरीने माड सोलत नाही. कोणतं हत्यार कशाला, हे ज्याला कळतं त्याला एकच सुरी सगळ्याला पुरवायची गरज पडत नाही.

शिवाय, लाकूड कुणाचं फोडणार आहात? आपले बरेचसे गड आज राखीव वनांत किंवा अभयारण्यांत आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, भीमाशंकर अभयारण्य, कोयना अभयारण्य. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यात आग लावायला मनाई करतो, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरायलाही. त्या कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात सुऱ्याही येतात. म्हणजे जी सुरी 'किमान' म्हणून मुलींच्या पिशवीत कोंबली तिच्यासाठी खरं तर आधी वनखात्याला विचारायला हवं होतं. यादी करणाऱ्यांनी विचारलं होतं का? मी फोन करून विचारलं, तर म्हणाले, "आजी, एवढं कोण बघतं?" बरं. मग मुलीच्या सुरीची जाडी तरी एवढी का बघता?

(शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या वेगळ्या धरल्या आहेत, घरकाम-शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. चार इंची सुरीला ती अडचण नाही, हे माझ्या धाकट्या बहिणीच्या समाधानासाठी. तिला सगळ्यातच पोलीस दिसतात.)

इथवर वाचून काही जणांना वाटेल की बाईंना स्वस्त ते सगळं छान वाटतं. मुळीच नाही. स्वस्त सुऱ्यांत कचरा भरपूर आहे आणि तो मुलांच्या हातात जातो, त्याचा मला जास्त राग आहे. काळा रंग फासलेलं पातं, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मूठ, मुठीच्या झाकणात होकायंत्र, आत आगपेटी आणि मासे धरायचा गळ. हे खूळ १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' सिनेमातल्या रँबोपासून फार बोकाळलं. त्या सिनेमातली सुरी निदान नामांकित कारागिराने केलेली होती. बाजारात आली ती तिची सोंगं. मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पात्याचं शेपूट बोटभरच राहणार, आणि मोडायची ती नेमकी तिथेच मोडणार. पाठीवरच्या दात्यांची मूळ गोष्ट तर गमतीची आहे. अमेरिकी वैमानिकांच्या सुरीला असे दाते असत ते पडलेल्या विमानाचा पत्रा आतून कापून बाहेर पडता यावं म्हणून. आमच्या पोरी राजमाचीला एसटीने आणि पायी जातात.

मग 'सर्जिकल स्टील'. या शब्दाला ठरावीक असा काही अर्थच नाही. कोणतंही गंजायला वेळ घेणारं पोलाद त्या नावाने विकता येतं. पात्यावर कोरलेले आकडे मात्र वाचावेत. चिनी पोलादाला '३सीआर१३', '८सीआर१३' अशी नावं असतात. पहिला आकडा कर्बाचा: ३ म्हणजे साधारण ०.३ टक्के, ८ म्हणजे ०.८ टक्के. मागचा १३ हा क्रोमियमचा, तो गंजापासून वाचवतो. कर्ब कमी म्हणजे पातं फार कठीण होऊ शकत नाही आणि धार टिकत नाही. ३ वालं पातं पाकिटं फोडायला ठीक, ८ वालं पाणी नीट दिलेलं असेल तर शिबिराला उत्तम. दोघांच्या किमतीत फरक असतो, पण हजारोंचा नसतो.

आणि 'डमास्कस'! आठशे रुपयांत डमास्कस! लाटालाटांची नक्षी बघून लोक भुलतात. मूळ डमास्कस तलवारींचं पोलाद आपल्या दक्षिणेतून, दख्खनच्या पठारावरून तिकडे जायचं, त्याला वूट्झ म्हणत. एक-दीड टक्का कर्बाचं ते पोलाद मुशीत तयार व्हायचं, आणि मायकेल फॅरडेसारख्या माणसाला त्याच्या रहस्याचा ध्यास लागला होता. आज त्या नावाने मिळतं ते बहुतेक दोन जातींच्या पोलादाचे थर एकमेकांत ठोकून केलेलं असतं. तेही चांगलं असू शकतं. पण सगळ्यांत स्वस्त मालावर नक्षी वरवर छापलेली असते. पात्याची पाठ बघा: खरे थर पाठीवरूनही आरपार गेलेले दिसतात, छापलेली नक्षी कडेला येऊन थांबते. साडीचा काठ उलटून बघता ना, तसंच.

तर मग बघायचं काय? माझ्या पिशवीत तीन वस्तू असतात: फ्रिजवरचं चुंबक, जुना टॉर्च आणि एक कानस.

चुंबक पात्याला लावा. चिकटलं नाही तर सुरी तिथेच ठेवून या. ताटवाट्यांचं जे स्टील चुंबकाला धरत नाही, त्याला कितीही तापवून विझवलं तरी ते कठीण होत नाही, त्याची धार एका कांद्यापुरती. चिकटलं म्हणजे उत्तम असं नाही, पण पहिली पायरी झाली. मग टॉर्चच्या उजेडात धार आपल्याकडे करून धरा. नीट धारेवर उजेड थांबत नाही, काहीच दिसत नाही. जिथे चांदीसारखी रेघ किंवा ठिपका चमकला तिथे धार बोथट किंवा मोडलेली. नव्या सुरीत थोडी बोथट चालेल, धार काय, लावता येते. पण डोळ्यासमोर धरून पाठीवरून टोकाकडे बघितल्यावर पातं वाकडं दिसलं, किंवा धारेचा उतार एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद दिसला, तर ते घरी दुरुस्त होत नाही.

कानस दुकानदारासमोर लावू नका, तो भांडेल. विकत घेतल्यावर लावा, तीही मुठीजवळ, एका कोपऱ्यात. कानस कचकन चावली आणि कीस पडला तर पातं मऊ. कुरकुरत घसरली तर पाणी चांगलं बसलंय. कारखानदार रॉकवेल नावाच्या मापाने कठीणपणा सांगतात, कामाच्या सुऱ्या त्यात साधारण ५६ ते ६० असतात. खोक्यावर काय छापलंय त्यापेक्षा माझा कानशीवर जास्त विश्वास आहे.

मग मूठ. याबद्दल कुणीच बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मी परीक्षा इथेच आहे. हाताला तेल लावा, वर पाणी घ्या, आणि सुरी गच्च धरून एक जुनं लाकूड तासायचा प्रयत्न करा. हात पात्याकडे सरकतो का? बोटं अडायला मुठीला पुढे उंचवटा आहे का? १९८७ च्या शिबिरात दुसऱ्या एका शाळेच्या मुलीने गुळगुळीत पितळी मुठीची, दिसायला राजेशाही अशी सुरी आणली होती. धार बोथट, म्हणून ती जोर करत होती. हात ओला, म्हणून घसरला. तळहाताला चार टाके पडले. ती सुरी त्या शिबिरातली सगळ्यांत महाग सुरी होती. आमच्या मुलींच्या लाकडी मुठीच्या, सुतळी गुंडाळलेल्या सुऱ्यांनी त्या वर्षी कुणालाही ओरखडा काढला नाही.

म्यानही बघा. सुरी म्यानात घालून उलटी करा आणि हलवा. पडली तर ती सुरी मुलांना देऊ नका, बाकी गुण काहीही असोत. म्यानाच्या तळाला पाणी निथळायला भोक असावं. चामडं दिसायला छान, पण पावसाळ्यात ओल धरून ठेवतं आणि कर्बाचं पोलाद आतल्या आत गंजतं. प्लास्टिकला नाकं मुरडणाऱ्यांनी जुलैत राजगडावर एक रात्र काढावी.

आणि शेवटी धार लावून बघणं. चांगल्या स्वस्त सुरीचा खरा गुण हा, की दहा-बारा वर्षांच्या मुलीला तिची धार लावता येते. मोराच्या पात्याचा उतार सरळ, सपाट असतो; तो उतारच निसण्यावर टेकवायचा आणि ढकलायचं, कोन वेगळा सांभाळावा लागत नाही. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की पलटायचं. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर उलटं ओढायचं. मी हे पाचवीतल्या मुलींना एका दुपारी शिकवलेलं आहे. याउलट ती साडेचार हजारांची सुरी! नातीने तिची धार लावायचा प्रयत्न केला, मग चिरंजीवांनी केला, मग ती परत खोक्यात गेली. पोलाद इतकं कठीण आणि उतार इतका जाड, की घरच्या दगडाला ती दाद देत नाही. ज्या सुरीची धार तुम्हाला लावता येत नाही ती पहिल्या आठवड्यापुरतीच तुमची.

आता परदेशी मोराच घ्या, असंही माझं म्हणणं नाही. आमच्याकडच्या आठवडी बाजारात घिसाडी येतात. नवरा-बायको दोघं, ती भाता फिरवते, तो ऐरणीवर ठोकतो, आणि मोठा घण बऱ्याचदा तीच मारते. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून सुरी करून देतात. ते पोलाद ओझ्याखाली वाकून परत सरळ होण्यासाठीच बनवलेलं असतं, कर्ब अर्धा-पाऊण टक्का, म्हणजे सुरीला पुरेसा. गेल्या वर्षी मी माप देऊन एक करून घेतली: चार बोटं पातं, पाठ तीन मिलिमीटर, बाभळीची मूठ. अडीचशे रुपये. लालबुंद झालेलं पातं त्याने फक्त धारेच्या बाजूने पाण्यात बुडवलं, पाठ बाहेर ठेवली. मी विचारलं, असं का? म्हणाला, "धार कडक पाहिजे, बाई, पाठ नको. पाठ कडक झाली तर काडकन मोडंल." मग राखेवर धरून धारेला वाळल्या गवताचा रंग आल्यावर काढलं. कारखान्यात हेच भट्टीला अंश लावून करतात, दोनशे-अडीचशे सेल्सिअसला. याचं मोजमाप डोळ्यात आहे, एवढाच फरक. 'पाणी देणं' हा शब्दप्रयोग आम्ही वर्गात वाक्यात उपयोग करा म्हणून द्यायचो; मुलींना ते पाणी दाखवायला खरं तर बाजारातच न्यायला हवं.

ही सुरी गंजते. चिरून झाली की पुसावी, खोबरेल तेलाचं बोट फिरवावं. लिंबू कापलं की काळी पडते, त्याने बिघडत काही नाही. दर सुरी सारखी येत नाही, हेही खरं; म्हणून कानस.

राहता राहिला भाच्याचा हुकमी प्रश्न: "आणि ऐन वेळी मोडली तर?" अरे, मग दोन ने! दोन साध्या सुऱ्यांचं वजन तुझ्या एका जाड सुरीहून कमी आहे आणि दोन्हींची किंमत मिळून तिच्या निम्मीही नाही. एक हरवली तरी रडू येत नाही, शेजारच्या तंबूतल्या मुलीला वापरायला देता येते, आणि ती परत करताना घाबरत नाही. महाग वस्तू मुलं वापरत नाहीत, सांभाळतात. शिबिराला सांभाळायच्या वस्तू न्यायच्या नसतात.

यादी करणाऱ्या मंडळींना मी पत्र लिहिलं आहे. ती ओळ काढून तिच्या जागी "चार इंचांच्या आतबाहेर पात्याची, म्यान असलेली, धार लावलेली सुरी, चौघींत एक, नेण्याआधी वनखात्याची परवानगी आम्ही काढू" एवढं लिहा, असं सुचवलं आहे. अजून उत्तर नाही. डिसेंबरात त्यांचा पुढचा ट्रेक आहे, तोवर थांबते. नातीच्या त्या मैत्रिणीला मी माझी बाभळीच्या मुठीची सुरी आणि निसण्याचा अर्धा तुकडा दिला आहे, धार तिची तिलाच लावायला सांगितली आहे.

आणि भाचेबुवा, तुम्हाला यायचं असेल तर घिसाडी बाजारात देवळामागच्या चिंचेखाली बसतो. अकराच्या आत या, नंतर तो बैलांच्या पत्र्या ठोकायला घेतो आणि कुणाचं ऐकत नाही. कानस नवी आणा, माझी झिजली आहे.